स्तनाचा कर्करोग: गुणसूत्रांतले बदल, हर-टू फिश आणि रिपोर्टमधले आकडे

काचपट्टी

आयएचसीच्या, म्हणजे पेशींवरचं हर-टू प्रथिन रंगवून ० ते ३+ असा आकडा देणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'हर-टू २+, फिश करून घ्यावे' (फिश म्हणजे त्याच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) असा शेरा आला की घरातली मंडळी नेटवर शोधाशोध करतात आणि दोन टोकाच्या गोष्टी वाचून येतात. एक, हर-टू म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. दोन, हर-टूवर औषध आहे, आता काळजी नको. दोन्ही अर्धवट. इथे पॅथॉलॉजी, लॅब आणि ऑन्कॉलॉजीतली बरीच जणं वावरतात, तेव्हा एकाच जागी नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा. चुकलं तर दुरुस्त करा.

निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. प्रत्येकाला एक आखूड बाहू, त्याला पी म्हणतात, आणि एक लांब बाहू, तो क्यू. कर्करोगाच्या पेशीत या रचनेची मोडतोड साधारण तीन तऱ्हेने होते. अख्खं गुणसूत्र किंवा त्याचा आख्खा बाहू जास्तीचा येतो वा गळून जातो. दुसरी तऱ्हा, एखाद्या छोट्या तुकड्याच्या दहा-वीस किंवा त्याहून जास्त प्रती तयार होतात, म्हणजे ॲम्प्लिफिकेशन. तिसरी, तुकडे तुटून भलत्याच गुणसूत्राला जोडले जातात, म्हणजे ट्रान्सलोकेशन. रक्ताच्या कर्करोगात तिसऱ्या तऱ्हेचा दबदबा असतो. स्तनात पहिल्या दोन.

हर-टूचं जनुक १७क्यू१२ या पत्त्यावर, म्हणजे १७ नंबरच्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासून दाखवलं की सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत, आणि अशा रुग्णांत आजार लवकर उलटतो, आयुष्यही कमी मिळतं. आज सर्वसाधारण रुग्णांत हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूवरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली, २००५ मध्ये ऑपरेशननंतर देण्याच्या चाचण्यांचे निकाल आले, आणि त्यातल्या दोन अमेरिकी चाचण्यांचा दहा वर्षांचा एकत्रित हिशोब २०१४ साली छापून आला: नुसत्या केमोवर दहा वर्षांनी हयात ७५.२ टक्के, सोबत ट्रॅस्टुझुमॅब दिलं तर ८४ टक्के. बदल तोच, गुणसूत्र तेच, पण त्याचा अर्थ फिरला. म्हणून १९९० च्या दशकातले जगण्याचे तक्ते आजच्या हर-टू पॉझिटिव्ह रुग्णाला लावू नयेत.

फिशमध्ये आपण काय मोजतो? पेशीकेंद्रातले दोन रंगांचे ठिपके. नारिंगी ठिपका हर-टू जनुकाचा, हिरवा ठिपका १७ नंबरच्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचा, म्हणजे दोन बाहू जुळतात त्या जागेचा. किमान २० पेशी मोजायच्या, त्याही आक्रमक गाठीच्याच. नळीतच थांबलेला भाग, म्हणजे डीसीआयएस, मोजणीत घ्यायचा नाही, कारण त्यात हर-टू बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि शेजारच्या आक्रमक भागात कधी कधी नसतं. मग दोन आकडे निघतात: एका पेशीमागे हर-टूच्या सरासरी प्रती, आणि हर-टू भागिले सेंट्रोमिअर हे गुणोत्तर.


वेलदोडा

छान धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न. रिपोर्टवर गुणोत्तर २.३ आणि हर-टूच्या सरासरी प्रती ३.४ असं लिहिलेलं असेल, आणि खाली 'निगेटिव्ह, टीप पहा' असं असेल, तर ती छपाईची चूक समजायची का? सगळीकडे दोनच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह असंच वाचलंय.


काचपट्टी

वेलदोडा, चूक नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट संघटनांच्या (आस्को-कॅप) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे ते बरोबर असू शकतं.

त्या नियमावलीत पाच गट आहेत. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि प्रती ४ किंवा जास्त, हा पहिला गट, सरळ पॉझिटिव्ह. गुणोत्तर २ च्या खाली आणि प्रतीही ४ च्या खाली, हा पाचवा गट, सरळ निगेटिव्ह. बहुतेक रुग्ण या दोहोंत बसतात. डोकेदुखी मधल्या तिघांची.

दुसरा गट तुम्ही विचारलात तो. गुणोत्तर २ किंवा जास्त, पण प्रती ४ च्या खाली. तुमच्या आकड्यांवरून सेंट्रोमिअरचे ठिपके पेशीमागे सुमारे १.५ निघतात. म्हणजे हर-टू फारसं वाढलेलं नाही, भागाकाराचा खालचा आकडा घसरला म्हणून गुणोत्तर फुगलं. १७ नंबरच्या गुणसूत्राची एक प्रत किंवा सेंट्रोमिअरजवळचा भाग हरवला की असं होतं. तिसऱ्या गटात उलटं, गुणोत्तर २ च्या खाली पण प्रती ६ किंवा जास्त. चौथ्यात गुणोत्तर २ च्या खाली आणि प्रती ४ किंवा जास्त पण ६ च्या खाली.

या तिन्ही गटांत नुसत्या फिशवर निकाल देत नाहीत. त्याच गाठीची आयएचसी शेजारी ठेवून पाहतात. आयएचसी ३+ असेल तर पॉझिटिव्ह. ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, टिपेसह. २+ असेल तर आधीचा आकडा माहीत नसलेल्या दुसऱ्या माणसाने पुन्हा किमान २० पेशी मोजायच्या, आणि गट तोच राहिला तर दुसरा आणि चौथा निगेटिव्ह, तिसरा पॉझिटिव्ह. टीप लिहिण्याचं कारण एवढंच की या गटांतले रुग्ण मोठ्या चाचण्यांत फार थोडे होते आणि औषधाचा फायदा ठामपणे सांगता येत नाही.


पॅराफिन

मोजणीबद्दल काचपट्टी यांनी लिहिलंच. मी त्याआधीचं लिहितो, कारण फिश बिघडतं ते बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली नाही, ऑपरेशन थिएटर आणि ग्रॉसिंगच्या (ऊतक कापून तुकडे निवडायच्या) टेबलावर.

ऊतक बाहेर काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत तासाभराच्या वर जाऊ नये. फॉर्मॅलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड हवं, नुसतं पाणी घालून पातळ केलेलं नको. आम्लयुक्त फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं. त्यात ऊतक कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. सुईच्या बायोप्सीलाही ६ तासांचा नियम लागू, 'बारीक तर आहे' म्हणून दोन तासांत प्रोसेसरला लावायची नाही. अख्खं स्तन काढलं असेल तर ते तसंच बादलीत बुडवून ठेवणं म्हणजे काहीच न करणं, कारण चरबीतून फॉर्मॅलिन आत जातच नाही. गाठीला आरपार छेद देऊन ५ ते १० मिमीच्या चकत्या उघड्या करायच्या, मधे गॉज ठेवायचा, भरपूर फॉर्मॅलिन घालायचं. शनिवारी दुपारचं ऑपरेशन आणि सोमवारी सकाळी छेद, असं झालं की गाठीचा मधला भाग कच्चा राहतो. कडेला ठिपके झक्क, मधे अंधार.

आता प्रक्रिया. ४ ते ५ मायक्रॉनचा छेद, चार्ज केलेली काच. झायलीनने मेण उतरवायचं, अल्कोहोल, वाळवणं. मग ८० अंशांना सोडियम थायोसायनेटमध्ये ३० मिनिटं. पुढे ३७ अंशांना प्रोटिएज (प्रथिनं पचवणारं पेप्सिन), दहा मिनिटांपासून सुरुवात. हीच सगळ्यात घात करणारी पायरी. पेप्सिन कमी पडलं तर प्रथिनांचं जाळं शिल्लक राहतं, प्रोब (जनुकाला चिकटणारा, रंग लावलेला डीएनएचा तुकडा) आत शिरत नाही आणि सगळीकडे हिरवट झाक दिसते. जास्त झालं तर पेशीकेंद्रं पोकळ होतात, डॅपी या निळ्या रंगाच्या नुसत्या कडा उरतात आणि आतले ठिपके वाहून जातात. ऊतक किती वेळ फिक्स झालंय त्याप्रमाणे वेळ बदलावा लागतो. म्हणून सगळ्या केसेसना डोळे झाकून एकच वेळ लावणाऱ्या लॅबचे आकडे डळमळतात. प्रोब १० मायक्रोलिटर, वर २२ मिमीची चौकोनी कव्हरस्लिप, कडा रबर सिमेंटने बंद. ७३ अंशांना ५ मिनिटं डीनेचर, मग ३७ अंशांना रात्रभर दमट डब्यात. सकाळी ७२ अंशांच्या धुण्याच्या द्रावणात २ मिनिटं. पाण्याचं तापमान बाहेर दाखवतं त्यावर जाऊ नका, जारच्या आत थर्मामीटर घालून पाहा. एकाच वेळी सहा थंड काचा बुडवल्या की आतलं तापमान चांगलंच पडतं, आणि मग न चिकटलेला प्रोब धुतला न गेल्याने पार्श्वभूमीवर ठिपक्यांचा सडा दिसतो.

अजून एक. स्तनाच्या कर्करोगाचं पेशीकेंद्र ४ मायक्रॉनपेक्षा जाड असतं, म्हणून छेदात त्याचा तुकडाच येतो. दोन प्रती असलेल्या निरोगी पेशीतही कधी एकच ठिपका दिसतो आणि सरासरी दोनच्या खाली येते. ते नॉर्मल आहे. दोन्ही रंग सारखेच कापले जातात म्हणून गुणोत्तर तरून जातं. एकाच गाठीचा १० मायक्रॉनचा छेद आणि ४ मायक्रॉनचा छेद यांच्या नुसत्या प्रतींची तुलना मात्र करू नये.


मुळा-काठ

पॅराफिन यांच्या प्रतिसादाला +१. 'पॉलिसोमी १७' बद्दल कुणी लिहील का? जुन्या रिपोर्टांवर 'हर-टू वाढ पॉलिसोमीमुळे' असा शेरा दिसतो.


नकाशेवाला

मुळा-काठ, त्या शेऱ्याचा अर्थ असा होता की हर-टूच्या प्रती पाच-सहा आहेत, सेंट्रोमिअरचेही तीन-चार ठिपके आहेत, म्हणजे अख्खं १७ नंबरचं गुणसूत्रच जास्तीचं आलंय. ऐकायला तर्कशुद्ध. पण ॲरे सीजीएचने, म्हणजे गुणसूत्रभर प्रती मोजणाऱ्या तपासणीने, संपूर्ण गुणसूत्राची लांबी तपासली तेव्हा दिसलं की खरीखुरी पॉलिसोमी स्तनाच्या गाठीत दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा सेंट्रोमिअरजवळचा पट्टाच हर-टूसोबत वाढलेला असतो. भाजकच फुगला, गुणोत्तर खाली आलं आणि खरी वाढ झाकली गेली. तिसऱ्या गटाला पॉझिटिव्हकडे झुकवण्यामागे हा मुद्दा आहे. नवीन रिपोर्टांवर 'पॉलिसोमी' हा शब्द दिसला तर विचारा की गुणोत्तरासोबत प्रतींचा आकडा कुठे आहे.

आता बाकीच्या २२ जोड्यांबद्दल, कारण धाग्याचं नाव हर-टूपुरतं नाही.

स्तनाच्या गाठी गुणसूत्रांच्या नकाशावर पाहिल्या तर ढोबळ तीन चेहरे दिसतात. २००६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या गटाने स्कँडिनेव्हियातल्या २४३ गाठींवरून हे मांडलं. पहिला साधा: मोजके, मोठमोठे बदल, अख्खे बाहू वर किंवा खाली. दुसरा करवतीचा: सगळ्या गुणसूत्रांवर बारीक-बारीक वर-खाली दात. तिसरा आगडोंब: बाकी नकाशा बराचसा शांत, पण एका बाहूवर एकाला खेटून एक उंच सुळके. मोडतोड एकूण किती यापेक्षा ती कुठे आणि कशी गोळा झाली, याला जास्त वजन निघालं. एकाच बाहूवर आगडोंब असला तरी जगण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं.

साध्या चेहऱ्याची ओळखीची खूण म्हणजे १क्यूची वाढ आणि १६क्यूची घट. अनेकदा दोन्ही एकाच घटनेतून होतात: १ आणि १६ नंबरची गुणसूत्रं सेंट्रोमिअरजवळ जोडली जातात आणि जोडलेला तुकडा जास्तीचा राहतो. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर असलेल्या), कमी ग्रेडच्या गाठींत हे सर्रास, आणि त्यांची वाटचाल सहसा संथ. १६क्यू२२ वर ई-कॅडहेरिनचं जनुक आहे. लोब्युलर प्रकारात तेही निकामी होतं, म्हणून पेशी एकमेकींना न धरता एकेरी रांगेने पसरतात. म्हणजे एकच घट दोन प्रकारांत दिसते, पण तिच्यासोबत उरलेली प्रतही बिघडली का, यावर गाठीचं रूप ठरतं.

आता २०१२ चा मेटाब्रिक हा अभ्यास. ब्रिटन आणि कॅनडातल्या सुमारे दोन हजार गाठी, दोन तुकड्यांत, ९९७ आणि ९९५. प्रतींचे बदल आणि जनुकांची सक्रियता एकत्र धरून दहा गट पाडले. दुसऱ्या गटात ११क्यू१३ ची वाढ असते, जिथे पेशीविभाजन वाढवणारं सायक्लिन डी१ आहे. ईआर पॉझिटिव्ह असूनही या गटाचा आलेख वाईट. सहाव्यात ८पी१२, पहिल्यात १७क्यू२३, नवव्यात ८क्यू आणि २०क्यू. पाचवा हर-टूचा. दहावा बहुतांश ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (पीआर) आणि हर-टू तिन्ही नसलेला. चौथ्यात गुणसूत्रं जवळजवळ सपाट आणि गाठीत लिम्फोसाइट भरपूर.

याचा पुढचा भाग २०१९ मध्ये आला, आणि माझ्या मते पेशंटच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या गटात पडतो, आणि त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका वीस वर्षांपर्यंत चालू राहतो. उलट ट्रिपल निगेटिव्हपैकी दहाव्या गटातल्या ज्यांची पहिली पाच वर्षं निभावली त्यांच्यात त्यानंतर परत येणं फार कमी. 'पाच वर्षं झाली, सुटलो' हे वाक्य एका गटासाठी बरंचसं खरं आणि दुसऱ्यासाठी धोक्याचं.


दुसरे_मत

नकाशेवाला, लिहिलंय सुरेख, पण ओपीडीत बसणारा माणूस म्हणून थोडं पाणी ओततो. यातल्या कोणत्या बदलाने उद्याचं प्रिस्क्रिप्शन बदलतं? हर-टू सोडलं तर यादी फार आखूड होते.

११क्यू१३ घ्या. सायक्लिन डी१ वाढलेलं, मग सीडीके ४/६ ही विभाजन चालवणारी एन्झाइमं रोखणारं पाल्बोसिक्लिब अशा गाठींत जास्त चालायला हवं, इतकं साधं गणित. पाल्बोसिक्लिबच्या पहिल्या मोठ्या चाचणीत दुसरी तुकडी खास याच बदलांवर निवडली होती: सायक्लिन डी१ची वाढ किंवा विभाजनाला लगाम घालणाऱ्या पी१६ची घट. निवडीचा जास्तीचा फायदा काहीच दिसला नाही. औषध दोन्हीकडे चाललं. म्हणून आज हे औषध ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह एवढ्यावर देतात, ११क्यू१३ कुणी तपासत नाही.

टॉप२ए जनुकाचं तसंच. हर-टूच्या शेजारीच, १७क्यू२१ वर. अँथ्रासायक्लिन ही केमोची औषधं ज्या एन्झाइमवर काम करतात ते हेच बनवतं, म्हणून वाढ असेल तर डॉक्सोरुबिसिन द्या, नसेल तर टाळा, असा विचार काही वर्षं जोरात होता. चाचण्यांमधून सुसंगत उत्तर निघालं नाही. आज त्यासाठी फिश मागवू नये.

एचआरडी स्कोअर मधल्या काळात फार विकला गेला. गुणसूत्रांवर बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणारी जनुकं) बिघाडाचे जे व्रण उरतात, म्हणजे एका प्रतीचं हरवणं, टोकांचं असंतुलन, मोठ्या तुकड्यांचे सांधे, ते मोजून एक बेरीज करतात, आणि ४२ किंवा वर असेल तर पॉझिटिव्ह. पण २०१८ च्या टीएनटी चाचणीत कार्बोप्लॅटिन आणि डोसेटॅक्सेल समोरासमोर लावले तेव्हा जन्मजात बीआरसीए बदल असलेल्यांत कार्बोप्लॅटिनला प्रतिसाद ६८ टक्के, डोसेटॅक्सेलला ३३ टक्के. एचआरडी स्कोअरने मात्र असा फरक दाखवला नाही. कारणही पटण्यासारखं आहे: व्रण जुन्या जखमेचा असतो. गाठीने दुरुस्तीची वाट परत मिळवली तरी व्रण पुसला जात नाही, स्कोअर तसाच उंच राहतो आणि औषध मात्र चालत नाही. बीआरसीए बिघाडावरच्या ओलापॅरिब या औषधासाठी स्तनाच्या कर्करोगात रक्तावरची जन्मजात बीआरसीए तपासणी लागते. पैसे तिथे घाला.

केमो द्यायची की नाही, या प्रश्नालाही गुणसूत्रांचा नकाशा लागत नाही. काख साफ (काखेतल्या लसिकाग्रंथींत आजार नाही) असलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रुग्णात २१ जनुकांच्या सक्रियतेचा स्कोअर चालतो. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीत ११ ते २५ स्कोअरवाल्यांना नुसती हार्मोनची गोळी, सोबत केमो दिल्याइतकीच पुरली. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअरवाल्या बायकांत थोडा फायदा दिसला, तो वेगळा विचारात घ्यायचा.


नकाशेवाला

मान्य, आणि मुद्दाम लिहितो की मेटाब्रिकचे गट अजून रोजच्या रिपोर्टात नाहीत. पण 'प्रिस्क्रिप्शन बदलत नाही' म्हणजे 'उपयोग नाही' असं नाही. ११क्यू१३ किंवा ८पी१२ वाढलेल्या ईआर पॉझिटिव्ह रुग्णाची पाच वर्षांनी गोळी बंद करायची की पुढे चालू ठेवायची, हा प्रश्न खरा आहे. आज तो गाठीचा आकार, काख, ग्रेड यांवर सोडवतात. गुणसूत्रांची माहिती त्यात भर घालू शकते. चाचणीतून सिद्ध होईपर्यंत मी ती निर्णयाचा आधार धरणार नाही, इतपत आपलं एकमत.

हर-टूच्या गुणोत्तराबद्दल मात्र तुमच्याच बाजूने एक भर. गुणोत्तर २.५ असो की ९, ऑपरेशननंतरच्या ट्रॅस्टुझुमॅबचा फायदा त्याप्रमाणे कमी-जास्त झालेला हेरा चाचणीत दिसला नाही. ऑपरेशनआधी औषध दिलं तर उंच गुणोत्तरवाल्या गाठी जास्त वेळा पूर्ण विरघळतात, हे खरं. पण '९ आलं म्हणजे फारच वाईट' असं म्हणून कुणाला घाबरवू नये.


उन्हाळी_सुट्टी

मग एकूण मोडतोड जितकी जास्त तितकं वाईट, असं म्हणता येईल का? आगडोंबाच्या उदाहरणावरून तसं वाटत नाही म्हणून विचारते.


नकाशेवाला

नाही म्हणता येत, आणि यातली गंमत अशी की टोकाला जाऊन उलटं होतं. पेशी दर विभाजनात गुणसूत्रं चुकीची वाटत राहते त्याला गुणसूत्रीय अस्थिरता म्हणतात. मध्यम अस्थिरता गाठीला फायद्याची: नवनवी रूपं, औषधाला बगल देणारी एखादी सापडतेच. शिवाय मागे पडलेली गुणसूत्रं छोट्या केंद्रकांत अडकतात, ती फुटून डीएनए पेशीद्रवात सांडतो, आणि सीगॅस-स्टिंग नावाची धोक्याची घंटा सतत वाजत राहून पेशी पसरायला शिकते. हे २०१८ च्या कामातून पुढे आलं. पण अस्थिरता अतोनात झाली की पेशीला स्वतःलाच जगणं जड जातं. २०११ मध्ये २ आणि १५ नंबरच्या सेंट्रोमिअरचे ठिपके मोजून केलेल्या अभ्यासात ईआर निगेटिव्ह गाठींपैकी अगदी टोकाची अस्थिरता असलेल्यांचं आयुष्य मधल्या गटापेक्षा चांगलं निघालं. त्याच वर्षी जनुकांच्या सक्रियतेवरून आलेलं दुसरं कामही हेच सांगतं. म्हणून सरळ रेषेचा आलेख मनात धरू नका.

अवांतर: पेशीतला एकूण डीएनए मोजून डिप्लॉइड (नेहमीइतका) की ॲन्यूप्लॉइड (बिघडलेला) ठरवायची पद्धत १९८० च्या आसपास स्टॉकहोमहून जोरात आली होती. फ्लो सायटोमेट्रीवर ती सोपीही झाली. पण २००७ च्या आस्को सल्ल्यात रोजच्या निर्णयांसाठी पुरावा अपुरा म्हणून ती बाजूला पडली. कारण उघड आहे: १क्यू वाढलं आणि १६क्यू घटलं तर एकूण डीएनए जवळजवळ तेवढाच भरतो.


काचपट्टी

ट्रान्सलोकेशनबद्दल सुरुवातीला एका वाक्यात उरकलं होतं, पण दोन अपवाद पॅथॉलॉजीत फार कामाचे आहेत, आणि दोन्ही 'ट्रिपल निगेटिव्ह' या शिक्क्याखाली लपतात.

पहिला सिक्रेटरी कार्सिनोमा. १२ आणि १५ नंबरच्या गुणसूत्रांत अदलाबदल, ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ जोडले जातात. दुर्मीळ, मुलांतही दिसतो. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही सहसा नकारात्मक, पण वाटचाल संथ. दुसरा ॲडिनॉइड सिस्टिक. ६ आणि ९ मधली अदलाबदल, एमवायबी आणि एनएफआयबी. हाही ट्रिपल निगेटिव्ह, आणि स्तनात असताना काखेत फार क्वचित जातो. या दोघांना नुसत्या 'टीएनबीसी' (ट्रिपल निगेटिव्ह) शिक्क्यावर नेहमीची पूर्ण केमो लावली तर विनाकारण त्रास. स्लाइडवर चेहरा ओळखीचा वाटला की फिश किंवा सिक्वेन्सिंगने सांधा शोधावा. सिक्रेटरीत आजार पसरलेलाच असेल तर लॅरोट्रेक्टिनिबसारखं औषधही आहे, २०१८ पासून अमेरिकेत मान्य.

उलट्या बाजूची सावधगिरी: ग्रेड १ ची ट्युब्युलर, म्युसिनस किंवा क्रिब्रिफॉर्म गाठ हर-टू पॉझिटिव्ह आली तर आधी तपासणीवर शंका घ्या, पुन्हा करा. आणि सुईच्या बायोप्सीत हर-टू निगेटिव्ह पण गाठ ग्रेड ३ असेल तर ऑपरेशनच्या तुकड्यावर पुन्हा पाहावं. एकाच गाठीत काही भाग वाढलेला आणि काही नाही, असंही असतं. १० टक्क्यांहून जास्त पेशींचा वेगळा पुंजका दिसला तर त्याची मोजणी स्वतंत्र द्यायची, दोन्हीची सरासरी काढून पॉझिटिव्हला निगेटिव्ह करायचं नाही. म्हणून फिश मोजायच्या आधी अख्खी काच कमी भिंगाखाली फिरवून पाहणं, शेजारी आयएचसीची काच ठेवून, हे टाळता येत नाही.


पॅराफिन

ठिपक्यांवर किती विश्वास ठेवावा याचं एक उदाहरण देतो. २००७ मध्ये ईआरचं जनुक, ६क्यू२५ वरचं, सुमारे २० टक्के गाठींत वाढलेलं असल्याचं फिशवरून छापून आलं. इतरांना तेवढं सापडेना. पुढे काहींनी काचेवर आधी आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) फिरवून पाहिलं तर ते पुंजके नाहीसे झाले: प्रोब डीएनएबरोबर ताज्या आरएनएलाही चिकटत होता. ठिपके गोल, सुटे, तीक्ष्ण कडांचे असतील तर मोजा. ढगासारखे, धूसर असतील तर आधी शंका. हर-टूतही गच्च पुंजके दिसतात, पण ते खऱ्या वाढीचे असतात, तिथे मोजता येत नाहीत म्हणून अंदाजे आकडा लिहितात. शेजारच्या निरोगी पेशींत दोन-दोन सुटे ठिपके दिसतायत का, हा तिथला पडताळा.


वेलदोडा

आजार हाडात उलटला तर फिश पुन्हा करतात का? की पहिल्या गाठीचा रिपोर्टच चालतो?


दुसरे_मत

शक्य असेल तर नवीन जागेची बायोप्सी घेऊन ईआर, पीआर, हर-टू पुन्हा पाहावं. काही रुग्णांत ते बदललेलं निघतं आणि मग औषधही बदलतं. २०२२ नंतर तर आयएचसी १+ किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह, म्हणजे हर-टू लो, याही गटाला पसरलेल्या आजारात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टिकानचा फायदा दिसलाय. त्यामुळे 'निगेटिव्ह' एवढंच लिहून थांबू नये, आयएचसीचा आकडा रिपोर्टवर हवाच.

ट्रॅस्टुझुमॅब सुरू करायच्या आधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी टूडी एको. औषध वर्षभर दर तीन आठवड्यांनी, पहिला डोस किलोमागे ८ मिग्रॅ, पुढचे ६. भारतात २०१४ पासून बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपन्यांची) मिळतात, त्यामुळे खर्च पूर्वीइतका नाही, तरी चुकीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर वर्षभर औषध घेणं म्हणजे पैसा आणि हृदय दोन्हीला भुर्दंड.


पॅराफिन

हाडाच्या बायोप्सीबद्दल: तुकडा मऊ करायला लॅब नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात टाकते, त्यात डीएनए जातो आणि फिशवर ठिपकेच येत नाहीत. 'फिश फेल' असा रिपोर्ट येतो त्यामागे बऱ्याचदा हेच. ईडीटीएमध्ये मऊ केलं तर डीएनए टिकतो, वेळ मात्र जास्त लागतो. बायोप्सीच्या फॉर्मवरच ठळक लिहा: 'स्तनाचा कर्करोग, हर-टू फिश लागेल, ईडीटीए वापरा.' हाडासोबत मऊ भागाचा तुकडा आला असेल तर तो वेगळ्या डबीत, आम्लाशिवाय.

दुसऱ्या लॅबला पाठवायचं असेल तर आधीच कापून ठेवलेल्या काचा देण्यापेक्षा ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) द्या. कापून सहा आठवड्यांहून जास्त झालेल्या, न रंगवलेल्या काचा आयएचसीला वापरू नयेत. रिपोर्टवर ब्लॉकचे नंबर असतात. ज्यात आक्रमक गाठ जास्त आणि डीसीआयएस कमी, तो कोणता हे पॅथॉलॉजिस्टला विचारून तोच नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि फिक्सेशनला किती तास मिळाले तेही. ब्लॉक परत घ्यायला विसरू नका.